मूत्राची साक्ष

रोग्याने घरी अंथरुणावर पडून राहावे आणि त्याच्या वतीने त्याच्या मूत्राने वैद्याच्या दारी हजेरी लावावी, अशी एक रीत मध्ययुगीन युरोपात कित्येक शतके निर्वेधपणे चालू होती. तळाशी फुगीर व मानेशी निमुळते असे पातळ, स्वच्छ काचेचे एक पात्र असे. त्यास मातुला म्हणत. वेताने विणलेल्या टोपलीत ते पात्र बसवून घरची दासी किंवा एखादे पोर ते वैद्याकडे नेई. वैद्य ते खिडकीच्या उजेडापुढे धरी, हलके हलवी, रंग पाही, साका कोठे तरंगतो व कोठे बसतो ते पाही, फेसाचे कडे मोडते की टिकते याची नोंद घेई, आणि मग ज्या मनुष्याला त्याने डोळ्यांनी पाहिलेही नाही त्याच्या यकृताविषयी, छातीविषयी, किंबहुना तो जगणार की मरणार याविषयीही निःशंक निर्णय देऊन मोकळा होई.

या विद्येचे शास्त्र मोठे रेखीव होते. इटलीतील सालेर्नोच्या वैद्यकपरंपरेत तयार झालेला आणि पुढे फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप याच्या पदरी वैद्य म्हणून राहिलेला जील द कॉर्बेय याने मूत्रपरीक्षेवर लॅटिन भाषेत एक पद्यग्रंथ रचला आणि पुढील पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी तो पाठ्यग्रंथ म्हणून वापरला. मूत्राच्या वीस छटा दाखविणारी चक्राकार रंगीत चित्रे त्या काळच्या हस्तलिखितांत आढळतात. पात्राच्या वरच्या थरावरून मस्तकाचा, त्याखालच्या थरावरून छातीचा, मग उदराचा आणि तळाच्या साक्यावरून मूत्राशयाचा हालहवाल समजतो, अशी व्यवस्था लावून दिलेली होती. तिच्यात सत्याचा अंश मुळीच नव्हता असे नाही. हिपोक्राटीझच्या नावावर असलेल्या सूत्रसंग्रहात मूत्रावर बुडबुडे राहत असतील तर विकार मूत्रपिंडाचा असून तो दीर्घकाळ टिकेल असे एक सूत्र आहे. आणि प्रथिने उतरू लागली म्हणजे मूत्रावर फेस धरतो व तो लवकर विरत नाही, हे आजचा कोणीही डॉक्टर सांगेल. परंतु त्या एका सूत्राभोवती कल्पनेचा जो प्रचंड पसारा उभा राहिला, त्यात खरे कोणते आणि खोटे कोणते हे निवडण्याची सोय त्या व्यवस्थेत कोठेच नव्हती.

इंग्लंडात टॉमस ब्रायन याने १६३७ साली या मूत्रभविष्यवेत्त्यांची हजेरी घेणारे एक पुस्तक प्रसिद्ध केले. पात्र घेऊन आलेल्या निरोप्यालाच गोड बोलून कसे बोलते करावे, रोगी पुरुष की स्त्री, वय काय, अंथरूण किती दिवसांपासून धरले आहे हे त्याच्या नकळत कसे काढून घ्यावे, आणि मग तेच पात्रात दिसल्याच्या आविर्भावात कसे सांगावे, या सगळ्या क्लृप्त्या त्याने चव्हाट्यावर मांडल्या. त्याच शतकातील डच चित्रकारांनीही काचपात्र उंच धरून गंभीर मुद्रेने उभा असलेला वैद्य पुनःपुन्हा रंगविला आहे, आणि त्या गांभीर्याची थट्टा त्यांतल्या कित्येक चित्रांत लपत नाही. ही थट्टा पुढे इतकी रूढ झाली की मूत्राकडे पाहणे हेच भोंदूपणाचे लक्षण ठरले. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. साक्षीदार खोटा नव्हता. त्याला नको ते प्रश्न विचारले जात होते, आणि त्याची जबानी ताडून पाहण्यासाठी दुसरा साक्षीदार कोणी हजर करीत नव्हते.

आपल्याकडेही या परीक्षेची परंपरा जुनी आहे. संहिताकारांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आणि गोड मूत्राला मुंग्या लागतात हेही नोंदवून ठेवले. पुढे योगरत्नाकरात नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृष्टी आणि आकृती अशी जी अष्टविध परीक्षा सांगितली आहे, तीत मूत्राचा क्रम नाडीच्या पाठोपाठ दुसरा आहे. महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ साली पुण्यात स्थापन केलेल्या आनंदाश्रमाने हा ग्रंथ आपल्या मालेत छापल्यामुळे तो महाराष्ट्रातील वैद्यांच्या घरोघर पोचला. त्यातला तैलबिंदूचा विधी वाचण्यासारखा आहे. रात्रीच्या शेवटच्या प्रहरी रोग्यास उठवावे, पहिली धार सोडून द्यावी, मधली धार काचेच्या पात्रात धरावी, सूर्योदयानंतर ते पात्र उजेडात स्थिर ठेवावे आणि गवताच्या काडीने तेलाचा एक थेंब अलगद त्यावर सोडावा. थेंब पसरला तर रोग साध्य, पसरला नाही तर कष्टसाध्य, आणि बुडून तळाशी गेला तर असाध्य; सर्पाकार झाला तर वात, छत्राकार झाला तर पित्त, मोत्यासारखा राहिला तर कफ. थेंब कोणत्या दिशेस सरकतो यावरूनही फल सांगितले आहे, आणि तेथे मात्र आपला ग्रंथकार सालेर्नोच्या पंडितांच्या पंगतीस जाऊन बसतो. तथापि नमुना घेण्याची त्याची पद्धत निर्दोष आहे, हे कबूल केले पाहिजे. पहाटेचे पहिले मूत्र, पहिली धार टाकून मधली धार, स्वच्छ पात्र, ही तिन्ही बंधने आजच्या प्रयोगशाळाही घालतात; आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत पहाटेच्या नमुन्याला एक विशेष कारणही आहे, ते पुढे येईल.

डोळ्याने पाहण्याच्या पलीकडे जाऊन मूत्रावर काही क्रिया करून पाहावी, ही बुद्धी युरोपात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व अठराव्या शतकात झाली. लायडनच्या फ्रेडरिक डेकर्सने काही रोग्यांचे मूत्र आम्लाने गोठते असे १६९४ साली लिहून ठेवले. इटलीतील डोमेनिको कोतुन्यो याच्यापुढे सर्वांग सुजलेला एक अठ्ठावीस वर्षांचा सैनिक आला. जलोदराचे पाणी तापविले असता गोठते हे कोतुन्योला ठाऊक होते. तेव्हा औषधाने या रोग्याला जे विपुल मूत्र होत आहे त्याच्या वाटे तेच पाणी बाहेर पडत असेल तर तेही गोठले पाहिजे, असा तर्क करून त्याने ते विस्तवावर ठेवले, आणि ते अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे घट्ट झाले. ही हकिकत १७६४ साली छापली गेली. गंमत अशी की कोतुन्यो या प्रकाराने संतुष्ट झाला. शरीरातील दूषित द्रव निघून जात आहे, तेव्हा हे सुचिन्हच, असा त्याने अर्थ लावला. मूत्रपिंडावर त्याला संशय आलाच नाही. १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने मधुमेह्याचे मूत्र आटवून मागे उरलेली पांढरी साखर दाखविली. त्या लिव्हरपूलकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

मूत्राची साक्ष प्रथम रीतसर नोंदली गेली ती लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये, आणि ती नोंदणारा रिचर्ड ब्राइट हा ब्रिस्टलच्या एका सधन घराण्यातला, प्रवासाची व चित्रकलेची आवड असलेला, बोलण्यात सौम्य व कामात अत्यंत चिकाटीचा असा मनुष्य होता. तरुणपणी तो आइसलँडला जाऊन आला होता, हंगेरीतील प्रवासावर त्याने एक जाडजूड सचित्र ग्रंथ लिहिला होता, आणि पाहिलेल्या वस्तूचे हुबेहूब चित्र काढण्याची त्या प्रवासातली सवय त्याने रुग्णालयात आणि शवागारातही सोडली नाही. त्याचे साधन पाहिले तर हसू येईल. एका चमच्यात थोडे मूत्र घ्यावयाचे आणि तो चमचा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरावयाचा. उकळी येण्याच्या सुमारास चमच्यात पांढरे ढग उठले की त्यात अल्ब्युमिन नावाचे प्रथिन आहे असे समजावयाचे. एवढ्या साधनावर त्याने जे केले ते त्याच्या पूर्वीच्या कोणी केले नव्हते. सुजलेला रोगी, चमच्यात गोठणारे मूत्र आणि मृत्यूनंतर उघडून पाहिलेले विकृत मूत्रपिंड या तीन गोष्टी एकाच मनुष्याच्या ठिकाणी वारंवार एकत्र आढळतात हे त्याने १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात उदाहरणांनिशी व रंगीत चित्रांनिशी दाखवून दिले. कोतुन्योने मूत्र गोठविले, पण शव उघडून त्या गोठण्याचा पडताळा मूत्रपिंडाशी घेतला नाही; ब्राइटने पडताळा घेतला, आणि म्हणून पुढे जवळजवळ शंभर वर्षे मूत्रपिंडाच्या दाहाला जगभर ब्राइटचा रोग म्हणत राहिले. १८४२ साली गायजमध्ये केवळ अशा रोग्यांसाठी ४२ खाटा, त्यांना लागून सल्लामसलतीची एक खोली आणि एक लहान प्रयोगशाळा, अशी व्यवस्था सहा महिने करून देण्यात आली. एका अवयवाच्या रोगासाठी खाटा, डॉक्टर आणि रसायनशास्त्र एका छपराखाली आणण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न होय.

ब्राइटच्या चमच्याची जागा पुढे काचनळीने घेतली. नळी पाऊणपर्यंत भरावी, तिचा वरचा भाग तेवढा स्पिरिटच्या दिव्यावर तापवावा, ढग आले तर सौम्य अ‍ॅसेटिक आम्लाचे दोन-चार थेंब सोडावे. ढग विरला तर ते फॉस्फेट, राहिला तर अल्ब्युमिन. आपल्याकडील गावोगावच्या दवाखान्यांतून हा विधी विसाव्या शतकात बराच काळ चालू होता, आणि खालच्या स्वच्छ भागाशी वरचा गढूळ भाग ताडून पाहणाऱ्या डॉक्टरांची ती तिरपी नजर ज्यांनी पाहिली असेल त्यांना ती आठवत असेल. १९५७ च्या सुमारास औषध लावलेली कागदी पट्टी आली आणि हा सगळा खटाटोप पट्टीच्या रंगावर येऊन थांबला.

पॅरिसमध्ये पियेर राये आणि त्याचा शिष्य यूजेन व्हिग्ला यांनी १८३० नंतरच्या दशकात मूत्राचा साका सूक्ष्मदर्शकाखाली धरण्याची शिस्त लावली, आणि एक नवेच दप्तर उघडले. मूत्रपिंडातील सूक्ष्मनलिकांत प्रथिन गोठून त्या नलिकेच्याच आकाराचे जे दंडगोल तयार होतात, ज्यांना आपण साचे म्हणू, ते मूत्राबरोबर वाहून येतात. आणि त्या साच्यात तांबड्या रक्तपेशी अडकलेल्या असतील तर रक्त मूत्राशयातून आलेले नसून मूत्रपिंडाच्या आतूनच आलेले आहे, याविषयी शंका उरत नाही. एडिंबरोत जन्मलेला व कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डमध्ये आयुष्य घालविलेला टॉमस अ‍ॅडिस याने या पाहण्याला मोजणीची जोड दिली. रात्रीचे बारा तासांचे मूत्र घेऊन त्यातील पेशी व साचे तो मोजी. निरोगी मनुष्याच्या तेवढ्या मूत्रात पाच लाखांपर्यंत तांबड्या पेशी व पाच हजारांपर्यंत साचे असू शकतात, त्यापुढे गेले तर रोग जागा आहे असे समजावे, असा त्याचा दंडक होता. रोग आहे की नाही या प्रश्नापेक्षा रोग या घटकेस चालू आहे की निमाला आहे हा प्रश्न अधिक कठीण व अधिक उपयोगाचा आहे, हे अ‍ॅडिसने ओळखले होते, आणि प्रस्तुत विषयाचे सारे मर्म त्याच प्रश्नात आहे.

आता ज्या रोगापायी हा प्रश्न आज मुलांच्या बाबतीत ऐरणीवर आला आहे, त्याची ओळख करून घेऊ. ल्युपस हा प्रथम त्वचेचा रोग म्हणून ओळखला गेला. व्हिएन्नाच्या मॉरिट्झ कापोझीने १८७२ साली त्वचेच्या आड सर्व शरीर व्यापणारे त्याचे रूप वर्णिले, आणि विल्यम ऑस्लरने १८९५ ते १९०४ या काळात लिहिलेल्या लेखांतून सांधे, उदर व मूत्रपिंड यांच्यावर पडणारी त्याची धाड नोंदविली. ऑस्लरच्या त्या रोग्यांपैकी कित्येकांना आजचा डॉक्टर दुसऱ्याच रोगाचे नाव देईल, ही गोष्ट वेगळी. १९३५ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात जॉर्ज बेअर व त्याच्या सहकाऱ्यांनी शवचिकित्सेत पाहिले की मूत्रपिंडातील रक्तकेशिकांच्या गुच्छांच्या भिंती तारेच्या वेटोळ्यांसारख्या ताठ व जाड झाल्या आहेत. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्हजने या रोगाची विशिष्ट पेशी दाखविली, आणि त्याच वर्षी त्याच संस्थेत फिलिप हेंचने कॉर्टिझोन प्रथमच संधिवाताच्या रोग्यास दिले. लवकरच ते ल्युपसच्या रोग्यांनाही मिळू लागले. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींच्या केंद्रद्रव्याविरुद्ध प्रतिद्रव्ये बनविते, ती केशिकागुच्छांत जाऊन साठतात आणि तेथे दाह पेटतो, ही कारणपरंपरा पुढील दशकांत उलगडत गेली.

हा रोग बहुधा तरुण स्त्रियांना होतो. परंतु सुमारे दहा ते वीस टक्के रोग्यांत तो अठरा वर्षांच्या आत सुरू होतो, आणि लहान वयात सुरू झालेला रोग मूत्रपिंडाला अधिक वेळा व अधिक जोराने ग्रासतो. अशा मुलांपैकी निम्म्याहून अधिकांची मूत्रपिंडे आज ना उद्या त्याच्या तावडीत सापडतात. दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर लाली येते, बोटांचे सांधे धरतात, ताप येतो-जातो. पण मूत्रपिंड दुखत नाही, कण्हत नाही, आणि सूज दिसू लागेपर्यंत घरात कोणाला त्याचा पत्ता नसतो.

तेव्हा जिवंत रोग्याच्या मूत्रपिंडाचा तुकडा पाहता येईल काय, असा प्रश्न येणे अपरिहार्य होते. १९५१ साली कोपनहेगनच्या पॉल इव्हर्सन व क्लाउस ब्रून यांनी रोग्याला बसवून पाठीतून सुई घालून असा तुकडा काढला. परंतु पुष्कळदा सुई रिकामीच बाहेर येई. १९५४ मध्ये शिकागोच्या रॉबर्ट कार्क व रॉबर्ट म्यूर्क यांनी रोग्याला पालथे निजविले, पोटाखाली वाळूची उशी दिली, आणि प्रथम एक बारीक शोधसुई घालून ती श्वासाबरोबर डोलते की नाही हे पाहिले. डोलली तर टोक मूत्रपिंडात आहे, कारण मूत्रपिंड श्वासाबरोबर वरखाली सरकते. एवढ्या फरकाने शंभरात ९६ वेळा तुकडा हाती येऊ लागला. पुढे १९५७ साली म्यूर्क, कार्क, पिरानी व पोलाक यांनी ल्युपसच्या मूत्रपिंडदाहावर जे विस्तृत विवेचन प्रसिद्ध केले ते या सुईच्या आधारावर. ब्राइटला ज्या पडताळ्यासाठी रोग्याच्या मरणाची वाट पाहावी लागे, तो आता रोगी जिवंत असताना, औषध बदलण्यास अवकाश असताना मिळू लागला. आज या दाहाचे सहा वर्ग मानतात. २००३ साली ठरलेली व २०१८ साली सुधारलेली ती वर्गवारी सर्वत्र प्रमाण आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्गातल्या मुलाला कडक औषधे द्यावी लागतात तर पहिल्या-दुसऱ्या वर्गातल्याला बहुधा लागत नाहीत.

परंतु सुईचा हा निवाडा मुलाच्या दृष्टीने स्वस्त नाही. लहान मुलाला भूल किंवा गुंगीचे औषध द्यावे लागते. सोनोग्राफीच्या पडद्यावर मूत्रपिंडाचे खालचे टोक शोधून, कमानीच्या जोरावर सुटणारी सुई घालून, खटक्याच्या आवाजासरशी शेवईच्या कांडीएवढा एक तुकडा काढतात. तो लगोलग भिंगाखाली धरून त्यात केशिकागुच्छ आले आहेत की नाही हे पाहतात, आणि पुरेसे नसले तर सुई पुन्हा घालतात. नंतर मुलाने कित्येक तास पाठीवर स्वस्थ पडून राहावयाचे असते, जे दहा वर्षांच्या मुलाला सांगणे सोपे आणि करविणे कठीण. आणि दर लघवीचा नमुना काचेच्या पात्रात ओळीने मांडून रक्ताची लाली कमी होत चालली आहे की वाढते आहे हे परिचारिका पाहत असते. इतके करून हाती येतात दहा-वीस गुच्छ, आणि मूत्रपिंडात असतात सुमारे दहा लाख. शिवाय हा निवाडा त्या एका दिवसापुरता. सहा महिन्यांनी औषध लागू पडले की नाही हे पुन्हा पाहावयाचे तर पुन्हा सुई. आणि हा रोग आयुष्यभर उसळी मारणारा. सुई दर महिन्याला घालता येत नाही, मूत्र दररोज मिळते.

तेव्हा वैद्यक पुन्हा मूत्राकडे वळले यात नवल नाही. रोजच्या व्यवहारात चालणारी परीक्षा म्हणजे मूत्रातील प्रथिन आणि क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य यांचे गुणोत्तर. १९८३ साली गिन्सबर्ग व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले की चोवीस तासांचे मूत्र साठविण्याचा खटाटोप न करता एका नमुन्यातल्या या गुणोत्तरावरून तेच उत्तर मिळते. आणि चोवीस तासांचे मूत्र एखाद्या शाळकरी मुलाकडून, शाळेतली लघवी न चुकविता, गोळा करून घेण्याचा प्रसंग ज्या आईवर आला असेल तिला या शोधाचे मोल सांगावे लागणार नाही. नमुना मात्र पहाटेचाच हवा, कारण किशोरवयीन निरोगी मुलांतही दिवसभर उभे राहिल्याने काही प्रथिन उतरते आणि रात्री आडवे झाल्यावर थांबते. दुपारच्या नमुन्यावर विसंबले तर धडधाकट मूल रोगी ठरते. हे गुणोत्तर ०.२ च्या खाली असावे आणि ०.५ च्या वर टिकून राहिले तर सुईचा विचार करावा, असा सर्वसाधारण दंडक आहे.

मग अडचण कोठे येते? अल्ब्युमिन हे गळतीचे माप आहे, दाहाचे नव्हे. भिंतीवर काजळी दिसली म्हणजे चूल या क्षणी पेटलेली आहे असे ठरत नाही. तसे औषधाने दाह शमल्यावरही जखमेचे व्रण राहिलेल्या गुच्छांतून प्रथिन महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे गळत राहते, आणि ते पाहून डॉक्टर जर औषध वाढवीत गेला तर मुलाची वाढ खुंटते, चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, हे सारे विनाकारण. उलट पक्षी दाह नव्याने पेटताना आरंभीचे काही आठवडे प्रथिन फारसे वाढतही नाही. रक्तातील क्रिएटिनिनचीही मुलांत तीच गत. ते स्नायूंतून येते, मुलाचे स्नायू थोडे, म्हणून मूत्रपिंडाचे बरेच नुकसान होईपर्यंत आकडा निरोगी मर्यादेतच राहतो.

येथे सिनसिनाटीच्या बालरुग्णालयाचा प्रवेश होतो, आणि तो ल्युपसच्या वाटेने होत नाही. एनगॅल या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे एक लहानसे प्रथिन १९९३ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी रक्तातील पांढऱ्या पेशींत वर्णिले होते. मूत्रपिंडातील सूक्ष्मनलिकांना इजा झाली की त्या हे प्रथिन भराभर तयार करून मूत्रात सोडतात, असे पुढे लक्षात आले. प्रसाद देवराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांचे मूत्र तपासले. त्यांपैकी ज्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाली त्यांच्या मूत्रात शस्त्रक्रियेनंतर दोन तासांतच एनगॅल चढले, तर क्रिएटिनिन वाढण्यास एक ते तीन दिवस लागले. हा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. त्याच रुग्णालयात मुलांच्या ल्युपसवर काम करणाऱ्या हर्मिन ब्रूनर यांनी लगेच दुसऱ्या वर्षी ल्युपसग्रस्त मुलांच्या मूत्रातही मूत्रपिंड पेटलेले असताना एनगॅल अधिक असते, असे दाखविले. मूत्रातील अशा रेणूला जैवसूचक म्हणतात. जुन्या दप्तरी भाषेत बोलायचे तर तो घटनास्थळाहून आलेला जासूद होय.

एकट्या जासुदावर भिस्त ठेवू नये, हे कोणत्याही कारभाऱ्याला ठाऊक असते. एनगॅल साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गातही वाढते, आणि मुलींत असा संसर्ग काही दुर्मीळ नव्हे. म्हणून संशोधकांनी निरनिराळ्या ठिकाणांहून येणारे जासूद एकत्र केले. एमसीपी-१ हे प्रथिन एका जातीच्या पांढऱ्या पेशींना दाहाच्या जागी बोलावून आणते. ओहायोतील ब्रॅड रोविन यांच्या गटाने प्रौढ रोग्यांत त्याचा संबंध रोगाच्या उसळीशी जोडला. किम-१ हे नलिकांच्या दुखावलेल्या पेशींच्या पृष्ठभागावर येते. सेरुलोप्लाझ्मिन हे रक्तातून तांबे वाहून नेणारे, हेमोपेक्सिन हे रक्तरंजकाचा लोहयुक्त अंश वाहणारे. आणि सहावे अ‍ॅडिपोनेक्टिन. या सहांच्या मोजमापांना गणिताने एका सूत्रात गुंफून सिनसिनाटीच्या गटाने २०१६ साली मूत्रपिंडाच्या दाहाचा एक निर्देशांक सिद्ध केला, त्यास रेल म्हणतात. सुईच्या तुकड्यावरून ठरलेल्या दाहाशी तो ताडून पाहिला असता ९० टक्क्यांहून अधिक अचूक ठरला.

अटलांटिकच्या दुसऱ्या तीरावर हेच काम लिव्हरपूलमध्ये चालले होते. मॅथ्यू डॉब्सनने ज्या शहरात मूत्र आटवून साखर दाखविली, त्याच शहरातील बालसंधिवाताच्या संशोधकांनी ब्रिटनभरच्या ल्युपसग्रस्त मुलांची एक कायम नोंदवही २००६ पासून ठेवली आहे, आणि मायकेल बेरेसफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मुलांच्या मूत्रातून आपला स्वतंत्र संच निवडला. त्यात सेरुलोप्लाझ्मिन व एमसीपी-१ ही दोन सिनसिनाटीशी जुळणारी आणि ट्रान्सफेरिन, व्हीकॅम-१ यांसारखी निराळी. मला या प्रकरणात सर्वांत स्तुत्य वाटते ते असे की हा संच त्यांनी आपल्याच रोग्यांवर सिद्ध झाला म्हणून थांबविला नाही. दक्षिण आफ्रिकेतील मुलांच्या मूत्रावरही तो ताडून पाहिला, जेथील मुले अधिक गंभीर अवस्थेत रुग्णालयात येतात. जील द कॉर्बेयच्या वीस रंगांना अशी परीक्षा द्यावी लागली असती तर किती रंग टिकले असते याचा अंदाज करणे कठीण नाही.

तरीही आज कोणी डॉक्टर या संचाच्या बळावर सुई म्यानात घालीत नाही, आणि त्याची कारणे सबळ आहेत. हे सारे सूचक दाह चालू आहे काय हे सांगण्यात हुशार असले तरी दाह कोणत्या वर्गाचा हे खात्रीने सांगत नाहीत. आणि चौथ्या वर्गाची औषधे पाचव्या वर्गाच्या औषधांहून निराळी पडू शकतात. व्रण किती झाले, म्हणजे जे गेले ते कायमचे गेले काय, या प्रश्नावर त्यांची जबानी तोकडी आहे. शिवाय ज्या सुईची गरज कमी करावयाची तिच्याच तुकड्याशी ताडून हे सूचक खरे ठरविले जातात. तो तुकडा दहा-वीस गुच्छांचा, त्यामुळे सुई चुकली आणि मूत्र बरोबर असले तर ताळेबंदात चूक मूत्राच्या नावावर मांडली जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ च्या अखेरीस मुलांसाठी मूत्रातील एनगॅलची परीक्षा मान्य केली, ती अतिदक्षता विभागातील मुलांना मूत्रपिंडाच्या तीव्र इजेचा धोका किती आहे हे ठरविण्यापुरती, ल्युपससाठी नव्हे.

म्हणून तूर्तचा व्यवहार असा आहे: पहिला निवाडा सुईचा. त्यानंतर दर खेपेस पहाटेच्या मूत्रातील प्रथिनाचे गुणोत्तर, सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी व त्यांचे साचे, रक्तातील पूरक द्रव्ये व प्रतिद्रव्ये. आणि जेथे संशोधनाची सोय आहे तेथे त्याच मूत्राचा एक वाटा उणे ८० अंशांवर गोठवून ठेवावयाचा. मूल मोठे होऊन प्रौढांच्या रुग्णालयात जाते, काहींचे मूत्रपिंड टिकते, काहींना डायलिसिसच्या यंत्राशी जखडून घ्यावे लागते. आणि तो निकाल हाती आल्यावर मागची कुपी वितळवून, त्या वेळी मूत्र काय सांगत होते हे पाहावयाचे. ब्रिटनच्या नोंदवहीतील पहिल्या वर्षांची मुले आता पंचविशी-तिशीच्या घरात आहेत.